दे मॉइन, आयोवा: लायसन्स ऑफिसातून परत पाठवलं, मदत हवी आहे

कोयनाकाठ: नमस्कार. दे मॉइनमध्ये किंवा आसपास कुणी आहे का? आज ड्रायव्हिंग लायसन्ससाठी गेले होते. सगळे कागद नेले होते तरी खिडकीवरच्या बाईंनी परत पाठवलं. नवऱ्याने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, ती वाया गेली. आता पुढची रजा दोन आठवड्यांनी. थंडी तोंडावर आलीय आणि गाडीशिवाय इथे दूधसुद्धा आणता येत नाही. नेमकं काय न्यावं लागतं? लवकर सांगा प्लीज.

शिकागोकर: व्हिसा कुठला? येऊन किती दिवस झाले? ‘सगळे कागद’ म्हणजे कोणते? परत पाठवताना काय म्हणाल्या? एवढं कळल्याशिवाय कुणी काय सांगणार!

घाटावरचा: एसएसएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल, दुसरं काय. आधी एसएसएन काढा, मग बाकीचं. मी २००४ साली आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात तेच केलं होतं.

पन्हाळा: घाटावरचे, तुम्ही नोकरीच्या व्हिसावर आला असाल. एच-४ वर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर, एसएसएन मिळत नाही, ईएडी (काम करायचा परवाना) असेल तरच मिळतो. ताईंचा व्हिसा कोणता ते कळू दे की आधी.

कोयनाकाठ: एच-४च. तीन आठवडे झाले. पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद), घराचं लीज आणि जॉइंट खात्याचं बँक स्टेटमेंट नेलं होतं. लीजवर माझंही नाव आहे. त्या बाई ‘नेम’ ‘नेम’ म्हणत होत्या. लीजवर बोट ठेवलं, मग पासपोर्टवर ठेवलं. मागे रांग होती, मी घाबरले, पुढचं काही डोक्यात शिरलं नाही.

बर्फातला_सातारकर: एवढी धावपळ कशाला? भारताचं लायसन्स आहे ना? चालवा बिनधास्त, कुणी विचारत नाही. मी चार महिने चालवली.

शिकागोकर: सातारकर, नव्या माणसाला असलं सांगू नका. राहायला आलेल्याला त्या राज्याचं लायसन्स काढावंच लागतं. उद्या बर्फावर गाडी घसरून कुणाला लागली तर विम्यावाले पहिलं लायसन्सच बघणार.

बर्फातला_सातारकर: मी माझा अनुभव सांगितला.

मैदानी: डाउनटाउनला घर घ्या की. तिथे इमारतींना जोडणारा स्कायवॉक आहे, सुमारे चार मैलांचा. जानेवारीतही आतल्या आत ऑफिस, जेवण सगळं होतं. गाडी लागतच नाही.

कोयनाकाठ: आम्ही वेस्ट दे मॉइनला आहोत, लीज वर्षाचं आहे. घर बदलायचं नाहीये, लायसन्स हवंय.

पन्हाळा: ताई, पासपोर्टवर आडनाव कोणतं आहे?

कोयनाकाठ: माहेरचं. मार्चमध्ये लग्न झालं, व्हिसाची घाई होती, म्हणून बदललं नाही. लीज आणि बँकेचे फॉर्म नवऱ्याने सासरच्या नावाने भरले. पण पत्ता तर एकच आहे ना?

पन्हाळा: मग तिथेच अडलंय. पत्ता ‘तुमचाच’ आहे हे त्यांना नावावरूनच कळणार. आपल्याकडे पासपोर्टवर पहिलं नाव आणि वडिलांचं नाव मिळून ‘गिव्हन नेम’ होतं, आय-९४ वरही तसंच येतं. लीजवर मात्र पहिलं नाव आणि सासरचं आडनाव. त्यांच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. माझ्या बायकोचं अगदी हेच झालं होतं. बँकेत पासपोर्ट घेऊन जा, खात्यावरचं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या आणि नवं स्टेटमेंट मागा. अपार्टमेंटच्या ऑफिसातून लीजला दुरुस्तीचं पान जोडून घ्या, दोघांच्या सह्यांसकट. एसएसएनशिवाय तिचं काम झालं.

शिकागोकर: मॅरेज सर्टिफिकेट दाखवलं की झालं. एवढी दुरुस्ती कशाला?

कोयनाकाठ: आमचं ग्रामपंचायतीचं आहे, सगळं मराठीत.

पन्हाळा: इंग्रजी भाषांतर करून सोबत ठेवा, पण त्याच्यावर भिस्त नको. लायसन्स पासपोर्टवरच्याच नावाने निघणार, म्हणून बाकीचे कागद त्या नावाशी जुळवलेले बरे.

घाटावरचा: मग पासपोर्टच बदला. आयोवा शिकागोच्या वकिलातीत येतं.

शिकागोकर: आता नको! व्हिसा आणि आय-९४ जुन्या नावावर, पासपोर्ट नव्या नावावर, म्हणजे गुंता आणखी वाढेल.

मैदानी: कागदांबरोबर लेखी परीक्षेचाही अभ्यास करा. ३५ प्रश्न असतात, २८ बरोबर यावे लागतात. राज्याची पुस्तिका ऑनलाइन फुकट आहे. स्कूलबस थांबून लाल दिवे लागले की आपणही थांबायचं, ते नीट वाचा. भारतात चालवणारे तिथेच चुकतात. आणि बर्फाची आणीबाणी जाहीर झाली की गाडी रस्त्याकडेला ठेवू नका, उचलून नेतात.

इंद्रायणी: मी अंकनीला आहे, दे मॉइनच्या उत्तरेला. कोयनाकाठ, महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी बाराला भोंगे वाजले तर घाबरू नकोस गं, वादळाच्या भोंग्यांची चाचणी असते. मला कुणी सांगितलं नव्हतं. पोर कडेवर घेऊन बाथरूममध्ये बसले होते, भोंगा थांबल्यावरही दार उघडायचा धीर होईना.

बर्फातला_सातारकर: भोंगे ठीक आहेत, १० ऑगस्ट २०२० चं वादळ आठवतंय का? वाऱ्याने मक्याची उभी शेतं आडवी केली होती.

शिकागोकर: त्याला डेरेचो म्हणतात. पण हा धागा लायसन्सचा आहे.

मैदानी: शहराचं नाव तरी नीट म्हणायला शिका सगळे. ‘डेस मॉइन्स’ नव्हे, शेवटचे दोन्ही एस बोलत नाहीत.

घाटावरचा: शीर्षकात बरोबरच लिहिलंय की ताईंनी.

कोयनाकाठ: पन्हाळा दादा, खूप आभार. आज बँकेत जाऊन आले. बस स्टॉपपासून पंचवीस मिनिटं चालले, निम्म्या वाटेला फूटपाथच नव्हता. पण नाव बदललं, समोरच नवं स्टेटमेंट छापून दिलं. वडिलांच्या नावासकट माझं पूर्ण नाव त्यावर बघून खूप बरं वाटलं. लीजवाल्या बाई शुक्रवारी पान देणार आहेत. आता फक्त ऑफिसला जायचा प्रश्न. नवऱ्याची रजा लांब आहे.

इंद्रायणी: मंगळवारी सकाळी मला सुट्टी आहे. पत्ता इथे लिहू नकोस, निरोप पाठव. आठ वाजता घ्यायला येते. दुरुस्तीच्या पानाबरोबर मूळ लीजही घे, नुसतं पान चालणार नाही. काम झालं की तसंच पुढे इथल्याच मॅड्रिड गावच्या देवळात जाऊ, तिथून फार लांब नाही.

कोयनाकाठ: निरोप पाठवलाय ताई. आठला खालीच थांबते.