मदत हवी आहे: दशावताराच्या रात्रीच्या फोटोंसाठी मॅन्युअल कंट्रोल असलेला कॅमेरा

तरंगकाठी:
कार्तिकात सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतील. दशावताराचे फोटो काढायला कॅमेरा घ्यायचा आहे. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ तिन्ही (उजेड किती वेळ आत येतो, लेन्सचं छिद्र किती उघडतं, कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील राहतो) हाताने ठरवता यायला हवेत. मोबाइलवर मागच्या काळोखामुळे चेहरे पांढरेफटक येतात, रंगभूषेतली एक रेघ दिसत नाही. बसायची जागा रंगमंचापासून साधारण ५ मीटरवर, फ्लॅश वापरायचा नाही. लेन्ससकट बजेट ४५ हजार, सेकंडहँड चालेल. पर्याय तीन: नवा कॅनन १५००डी किट लेन्ससह (कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमी), वापरलेला कॅनन ८०डी, किंवा लेन्स न बदलता येणारा मोठ्या झूमचा कॅमेरा. 'एम' (मॅन्युअल) मोड तिन्हींवर आहे, मग फरक कशात पडतो?

पेंटाप्रिझम:
फरक डायलमध्ये पडतो. १५००डीला एकच डायल. एम मोडमध्ये तो फिरवला की शटर बदलतं. अ‍ॅपर्चर बदलायचं तर मागचं 'एव्ही' बटण अंगठ्याने दाबून धरायचं आणि तर्जनीने तोच डायल फिरवायचा. काळोखात, डोळा व्ह्यूफाइंडरला लावून हे करताना क्षण निघून जातो. ८०डीला पुढचा डायल शटरचा आणि मागची चकती अ‍ॅपर्चरची, दोन्ही एकाच वेळी हाताखाली. निकॉनमध्ये हाच फरक डी३५००/डी५६०० आणि डी७२०० यांच्यात आहे.

मोठ्या झूमचा कॅमेरा या कामाला घेऊच नका. अशा बहुतेकांचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) ६.२ × ४.६ मिमीच्या आसपास असतो. निकॉनच्या वरच्या कॅमेऱ्यांचा एपीएस-सी आकाराचा सेन्सर २३.५ × १५.६ मिमी, म्हणजे क्षेत्रफळात सुमारे १३ पट. रात्री हाच हिशेब फोटोत दिसतो.

पैसे लेन्सवर घाला. किट लेन्स ५५ मिमीला एफ ५.६ वर येऊन थांबते (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं). ५० मिमी एफ १.८ जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते, त्यामुळे किट लेन्सला जिथे आयएसओ ६४०० लागेल तिथे ६४० पुरतो. ८०डीवर ही लेन्स लावून कॅमेरा उभा धरला तर ५ मीटरवरून साधारण सव्वादोन मीटर उंची चौकटीत बसते. मुकुटासकट उभा राजा मावतो. अख्खा रंगमंच मात्र मावणार नाही, त्याला किट लेन्सचं १८ मिमीचं टोक. माझं मत: वापरलेला ८०डी, ५० मिमी एफ १.८ एसटीएम आणि जमलं तर जुनी १८-५५.

तरंगकाठी:
डी७२०० आणि जुनी ५० मिमी एफ १.८ डी मिळत असेल तर?

पेंटाप्रिझम:
चालेल. डी७२०० च्या बॉडीत फोकसची मोटर आहे, म्हणून डी लेन्स ऑटोफोकस करते. डी५६०० वर तीच लेन्स हाताने फोकस करावी लागेल. लेन्सवरची अ‍ॅपर्चरची रिंग २२ वर नेऊन लॉक करा, नाहीतर पडद्यावर 'एफ-ई-ई' अशी चूक येते आणि शटर पडत नाही. एएफ-असिस्टचा (फोकसला मदत करणारा) दिवा मेनूतून बंद करा, तो नटांच्या तोंडावर पडतो.

८०डीचं पारडं एका गोष्टीत जड आहे: अँटी-फ्लिकर. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० सेकंदाला ठेवलं की एक पूर्ण फेरी पकडली जाते, फोटो सारखे येतात. १/२०० ला कधी उजेडाचा भाग मिळतो, कधी अंधाराचा, आणि पिवळटपणाही बदलतो. ८०डी दिव्याचा उजळ क्षण साधून शटर सोडतो. डी७२०० मध्ये ही सोय फक्त व्हिडिओला आहे. संवाद चालू असताना १/१०० ठेवा. युद्धाच्या प्रवेशाला १/२५० तरी हवं, तिथे ८०डी उपयोगी पडतो.

काजळमाया:
एम लावूनही फोटो फिकट-गडद येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ऑटो आयएसओ चालू राहिलेला असतो. शटर-अ‍ॅपर्चर तुमचं, पण उजेड कॅमेराच ठरवतो. आयएसओ आकड्यावर बांधा. सुरुवात १/१००, एफ २.८, आयएसओ ८०० ने करा, स्पॉट मीटरिंगने (चौकटीतल्या एका छोट्या ठिपक्यापुरता उजेड मोजणं) नटाच्या गालावर मोजा. पांढरा रंग लावलेल्या चेहऱ्यावर मीटरचा काटा मध्यापासून एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वर ठेवायचा, कारण मीटर पांढऱ्यालाही करडं समजतं. मग प्रकाशयोजना बदलेपर्यंत हात लावायचा नाही. रॉमध्ये (सेन्सरचा कच्चा डेटा ठेवणारी फाइल) काढा, लाल-निळे झोत पडल्यावर रंग नंतर सुधारता येतात.

मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतलात तर आवाज नको म्हणून सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर लावू नका. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, दिवे लुकलुकतात, फोटोवर आडवे पट्टे येतात.

पेंटाप्रिझम:
सेकंडहँड घेताना प्रत्येक डायल सावकाश फिरवा. १/१२५ वरून पुढचा आकडा १/१६० यायला हवा. आकडा उडी मारत असेल किंवा उलटा जात असेल तर डायल झिजला आहे, सोडून द्या. एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा आउट ऑफ फोकस फोटो काढा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांत दिसेल. निकॉनचा शटर काउंट (शटर आजवर किती वेळा पडलं तो आकडा) मूळ जेपीईजीत नोंदलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत तो उरत नाही, कार्डावरूनच घ्या. ८०डीच्या फाइलमध्ये तो नसतो. शटरचं ठरवलेलं आयुष्य डी७२०० चं दीड लाख, ८०डीचं एक लाख.

लेन्स काढून मागून टॉर्च मारा, पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी नको. कोकणात जूनपासून हाच मोठा धोका. चामड्याची किंवा कापडी बॅग ओल धरते, तिच्यात कॅमेरा ठेवू नका. रबरी कडा असलेला घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. रंग बदलणारं जेल घेतलंत तर रंग पालटला की पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला तापवून परत वापरता येतं. पावसातून घरी आल्यावर आधी कोरड्या फडक्याने पुसा, बॅटरी काढा, आणि तासभर पंख्याखाली ठेवून मगच डब्यात घाला.