सल्ला हवा: क्यू गार्डन्समधलं मेरिॲन नॉर्थ दालन आणि तिचं आत्मचरित्र

शेवंती
नमस्कार मंडळी. जूनमध्ये आईला घेऊन भावाकडे लंडनला जातेय. आई शाळेत जीवशास्त्र शिकवायची. वय ६८, गुडघे कुरकुरतात, पण क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानातलं मेरिॲन नॉर्थचं चित्रदालन बघायचंच म्हणते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही व्हिक्टोरियन काळातली मोठ्या घरची बाई. वडील हेस्टिंग्जचे खासदार. १८६९ मध्ये ते गेले, त्यानंतर हिने रंगपेटी घेतली आणि जमैका, ब्राझील, जपान, बोर्निओ, जावा, सिलोन, भारत अशी एकटीने हिंडत राहिली. जिथे जाईल तिथली झाडं जागेवर बसून तैलरंगात रंगवली आणि प्रवासाचं सगळं लिहूनही ठेवलं.

प्रश्न दोन. हाताशी एकच दिवस आहे, तर एका दालनासाठी क्यूचं तिकीट काढावं का? आणि जायच्या आधी आईला तिचं आत्मचरित्र द्यायचंय. छापीलच हवं, आई मोबाइलवर वाचत नाही. बजेट १५०० रुपये, त्यावर नाही.

रिचमंडकर
जाच. मी बागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिथे नेणं हे माझ्या नशिबी लिहिलेलंच आहे. दालनाला वेगळं तिकीट नाही, बागेच्या तिकिटातच येतं. ते आधी ऑनलाइन काढा, दारात महाग पडतं. डिस्ट्रिक्ट लाइनने क्यू गार्डन्स स्टेशन, तिथून व्हिक्टोरिया गेट पाच मिनिटांवर. आत शिरलात की काचेच्या पाम हाउसकडे पाय वळतील, वळू देऊ नका. डावीकडे क्यू रोडच्या भिंतीला धरून दक्षिणेला चला. विटांची, व्हरांडा असलेली इमारत दिसेल, तेच दालन. आईंना आधी तिथे न्या, बाग नंतर. उलट केलंत तर दालनापर्यंत गुडघे संप पुकारतील. गेटवर व्हीलचेअर मिळते, लाजू नका म्हणावं.

नाना_निवृत्त
आम्ही मुलीकडे गेलो होतो तेव्हा नॅचरल हिस्टरी म्युझियम पाहिले. प्रवेश फुकट! डायनासोर आहेत, देवमाशाचा सांगाडा आहे. फुलांची चित्रे पाहायला एवढे पौंड कशाला घालवायचे? आणि लंडनमध्ये छत्री जूनमध्येही लागते. जावईबापू नको म्हणत असतानाही मी इथून नेली होती.

अबोली
नाना, त्यांच्या आईला डायनासोर नाही बघायचेत हो.

शेवंती, मी पाहिलंय दालन, आणि खरं सांगायचं तर आत पाऊल टाकलं की आधी गुदमरायलाच होतं. आठशेच्या वर चित्रं, चौकटीला चौकट लावून, मध्ये बोटभरही भिंत दिसत नाही. टपाल तिकिटांचा अल्बम कोणी भिंतीवर उलगडून ठेवावा तसं. मान वर करून बघत राहिलं की दुखायला लागते. पण ही मांडणी दुसऱ्या कुणाची नाही, तिने स्वतः लावलंय सगळं. इमारतीचा खर्चही तिचाच. १८८२ मध्ये दालन उघडलं. चित्रं देशांप्रमाणे लावली आहेत, तेव्हा सगळं बघायचा हट्ट सोडा, भारत, सिलोन आणि बोर्निओ एवढं धरा. आणि चित्रांच्या खालची लाकडी पट्टी बघायला विसरू नका. प्रवासातून आणलेल्या २४६ प्रकारच्या लाकडांचे तुकडे आहेत तिथे. माझ्या नवऱ्याने चित्रांपेक्षा तेच जास्त बघितलं. सुतारकामाचा छंद आहे त्याला.

तिरकस
"एकटीने हिंडली" हे जरा जपून. गव्हर्नरांच्या आणि राजेरजवाड्यांच्या नावे ओळखीची पत्रं घेऊन, सरकारी बंगल्यांत उतरून, सामान उचलायला माणसं घेऊन हिंडणं म्हणजे एकटीने? बोर्निओतल्या सारावाकमध्ये तर तिथल्या इंग्रज राजाच्या, ब्रुकच्या घरी पाहुणी. तिला झाडं दाखवणाऱ्या, रान तुडवून फांद्या तोडून आणणाऱ्या लोकांची नावं कुठल्या भिंतीवर आहेत?

रिचमंडकर
आलं का हे. मुद्दा चुकीचा नाही, पण धागा तिकिटाचा आहे.

तिरकस
तिकीटसुद्धा त्याच साम्राज्याचं आहे, म्हणून बोललो.

भटका_बोरू
पुस्तकाबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून मी. 'रिकलेक्शन्स ऑफ अ हॅपी लाइफ' १८९२ मध्ये, ती गेल्यावर दोन वर्षांनी, तिच्या बहिणीने संपादित करून दोन खंडांत काढलं. स्वामित्वहक्क केव्हाच संपलाय, त्यामुळे ऑनलाइन दुकानांत मागणीनुसार छापून देणाऱ्यांचा बाजार भरलाय. मी असाच एक खंड मागवला. पान तिरकं स्कॅन केलेलं, कडेच्या ओळींची शेवटची अक्षरं कापलेली, एका पानावर तर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा छापून आलाय. परत घ्या म्हटलं तर "सर, ही ऐतिहासिक प्रत आहे" हे उत्तर. दुसरं म्हणजे रंगीत चित्रांच्या आशेने हे घेऊ नका. आईंना चित्रं हवी असतील तर 'अ व्हिजन ऑफ ईडन' शोधा. १९८० ची, क्यूच्या सहकार्याने निघालेली संक्षिप्त आवृत्ती, रंगीत चित्रांसकट. आता जुन्या पुस्तकांतच मिळते. मला परदेशातून मागवावी लागली, टपालखर्च धरून तुमच्या बजेटच्या तिप्पट गेली, पण पुस्तक असं आहे की घरात कोणाला हात लावू देत नाही.

शेवंती
धन्यवाद. बजेट १५०० आहे.

भटका_बोरू
हो, वाचलं. पुस्तकात काटकसर करू नये असं माझं मत.

मुळामुठा
पुस्तकाची खरेदी म्हणाल तर +१ भटका_बोरू. शिवाय दोन्ही खंड घ्या, एकच घेऊ नका. भारतातला प्रवास पहिल्या खंडाच्या शेवटी सुरू होतो आणि दुसऱ्यात पुढे जातो. ती इथे १८७७ ते ७९ होती.

आता माझं खरं म्हणणं. हातातलं सोडून लोक क्यूला धावतात. दापोडीला गव्हर्नरचा बंगला आणि सरकारी वनस्पती उद्यान होतं हे किती पुणेकरांना माहीत आहे? १८४७ ते ५० च्या सुमारास उद्यानाचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन याने तिथल्या झाडांची चित्रं एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून काढून घेतली. त्या चित्रकाराचं नाव नोंदलेलं नाही (तिरकस, हे तुमच्यासाठी). ती चित्रं आज एडिंबराच्या बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. तेव्हा लंडन सोडा आणि एडिंबराला जा. आणि मोठ्या घरची प्रवासी बाईच वाचायची तर लेडी फॉकलंड वाचा, १८४८ ते ५३ मुंबईच्या गव्हर्नरची बायको, इंग्लंडच्या चौथ्या विल्यमची मुलगी. दापोडी, महाबळेश्वर सगळं आहे तिच्या रोजनिशीत. १८५७ मध्ये छापलेली. महाबळेश्वरचा फॉकलंड पॉइंट सगळ्यांनी पाहिलाय, पुस्तक कोणी उघडत नाही.

अबोली
एका दिवसात एडिंबरा? गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन?

मुळामुठा
रेल्वे आहे ना.

राजकन्या_समर्थक
अवांतर, पण विषय निघालाच आहे तर: मेरिॲन नॉर्थ उमराव घराण्यातली नव्हेच. पूर्वज बॅरन होते, पण हिच्या नावाला ना किताब ना काही. खरी राजघराण्यातली निसर्ग अभ्यासक बघायची तर बव्हेरियाची राजकन्या थेरेसे. प्राणी, वनस्पती, मानववंश, सगळ्याचा अभ्यास स्वतःच्या हिमतीवर, कारण तेव्हा मुलींना विद्यापीठात प्रवेशच नव्हता. १८८८ मध्ये ब्राझीलला गेली, १८९८ मध्ये दक्षिण अमेरिकेचा पश्चिम भाग पालथा घातला. राजकन्या म्हणून मिरवणुका निघू नयेत म्हणून ओळख लपवून प्रवास. पुस्तकंही पूर्ण नाव न देता लिहायची. १८९७ मध्ये म्युनिक विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली, असा मान मिळालेली तिथली ती पहिलीच बाई. मी तिचं ब्राझीलचं पुस्तक मूळ जर्मनमधून वाचतोय. नॉर्थबाईंचं लिखाण त्यापुढे मला वहीतल्या नोंदी वाटतं.

भटका_बोरू
जर्मन येतं हे सांगायला एवढी राजकन्या कशाला आणायची?

राजकन्या_समर्थक
ज्यांना येत नाही त्यांना त्रास होणारच.

रिचमंडकर
मंडळी, परत क्यूला या. आईंना जीवशास्त्राची गोडी आहे तर बोर्निओच्या भागात एक घटपर्णी शोधायला सांगा. सारावाकमधली, मोठे लालसर ठिपक्यांचे घट. नॉर्थने ती रंगवली तोवर वनस्पतिशास्त्राला ती माहीतच नव्हती. ते चित्र इंग्लंडमध्ये एका रोपवाटिकेच्या मालकाने, व्हीचने, पाहिलं आणि ती वेल आणायला खास माणूस बोर्निओला धाडला. १८८१ मध्ये क्यूच्या संचालकाने, हूकरने, तिचं नाव ठेवलं नेपेंथिस नॉर्थियाना. म्हणजे आधी चित्र आलं आणि रोप मागून. आपल्याकडे जंगलात फक्त खासी टेकड्यांतली घटपर्णी, आईंनी मुलांना तीच शिकवली असणार.

अजून एक. इमारतीचा आराखडा जेम्स फर्ग्युसनचा, आपल्या अजिंठा-वेरूळच्या लेण्यांवर बर्जेसबरोबर ज्याने लिहिलं तोच. उजेड वरच्या खिडक्यांतून येतो, म्हणून सकाळचं ऊन असताना जा.

अबोली
आणि चहाचा किस्सा! दमून आलेल्यांना तिथे चहा-कॉफी मिळावी अशी तिची इच्छा होती. क्यूचे संचालक हूकर नाही म्हणाले. तिने मग दारांवर चहाचं आणि कॉफीचं झाडच रंगवून टाकलं. मला हीच बाई आवडते, राजकन्या नको. थर्मास नेला असलात तरी आत उघडू नका. बाहेर बाकं आहेत, तिथे बसा.

नाना_निवृत्त
तिकीट आधी ऑनलाइन काढावे, दारात महाग पडते, असे मुलीने सांगितले.

रिचमंडकर
नाना, ते मीच वर लिहिलंय.

तिरकस
अबोली, चहा कोणाच्या मळ्यातून आला असता तेही विचारा.

शेवंती
सगळ्यांचे आभार. काय ठरलं ते सांगते.

आईला धागा वाचून दाखवला. घटपर्णीपाशी थांबवलं आणि परत वाच म्हणाली. एडिंबराला हात जोडले. राजकन्येचं ऐकून म्हणाली, भाषांतर झालं की सांगा.

पुस्तक मागवलं, मागणीनुसार छापलेलंच, आणि फक्त पहिला खंड. सहाशे चाळीस रुपये. आईचं म्हणणं, तिला आधी बोर्निओ वाचायचं आहे, भारत तिने पाहिलाय, आणि कापलेली अक्षरं ती शाळेत पोरांच्या पेपरांत आयुष्यभर लावत आली आहे. क्यूचं तिकीट ऑनलाइन काढलं. पण आधी पाम हाउसच बघायचं ठरलंय. चित्रं कुठे पळून जात नाहीत, झाडांना हात लावायला गुडघे शाबूत असताना गेलं पाहिजे, असं ती म्हणते. रिचमंडकर, रागावू नका. व्हीलचेअरलाही ती नाहीच म्हणतेय.

रिचमंडकर
रागावत नाही. पण पाम हाउसमध्ये उकडतं आणि वरच्या सज्जात जायला चक्री जिना आहे. त्या चढणार, लिहून ठेवा.

भटका_बोरू
कमाल आहे. मग विचारलंत कशाला? अंगठा आला पानावर की फोटो टाका, माझ्याशी जुळवून बघू.

मुळामुठा
दुसऱ्या खंडाशिवाय राजपुताना हुकणार, एवढंच सांगतो.

नाना_निवृत्त
राजकन्या_समर्थक, जर्मनच्या वर्गाची फी किती असते आणि ज्येष्ठ नागरिकांना सवलत आहे का? जावईबापूंची बदली फ्रँकफर्टला होत आहे.