शागालचे बिनसहीचे लिथो घ्यावेत की नाही?

कागदवेडा: चित्रकार मार्क शागालचे रंगीत लिथो (दगडावरून किंवा पत्र्यावरून छापलेली चित्रं) जमवायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, सही आहे का? हा हट्ट मला पटत नाही. पॅरिसच्या तेरियाद या प्रकाशकाने 'व्हर्व' नियतकालिकाचे दोन अंक शागालच्या बायबल-चित्रांसाठी काढले, १९५६ आणि १९६० साली. लिथो छापले मुर्लोच्या छापखान्यात. १९६०च्या अंकात २४ रंगीत आहेत. शागालच्या लिथोंच्या अधिकृत सूचीत त्यांची मूळ लिथो (चित्रकाराने स्वतः छपाईसाठी काढलेले) म्हणून नोंद आहे. पेन्सिलीची सही नाही, म्हणून तर ते पगारदार माणसाच्या आवाक्यात येतात.

जुना रसिक: प्रती हजारोंनी निघाल्या, आणि पानाच्या पाठीवर दुसरं चित्र छापलेलं. ही सुटी चित्रं नव्हेतच. विक्रेते अख्खा अंक उसवून पानं विकतात, याचा मला संताप येतो. त्यापेक्षा पैसे साठवून 'डॅफ्निस आणि क्लोई' या शागालच्या चित्रांच्या ग्रंथामधलं (१९६१) एकच घ्या. ४२ लिथो, ग्रंथाच्या २५० प्रती, आणि प्रत्येक लिथोच्या रुंद समासाच्या, सहीच्या सुट्या प्रती फक्त ६०.

शिळाप्रेस: अहो, सहीआधी हात कोणाचा ते बघा! तेलकट खडूने दगडावर चित्र काढायचं, दगड ओला करायचा, की शाई फक्त रेषांना धरते. रंगागणिक वेगळा दगड किंवा जस्ताचा पत्रा. अमेरिकेतून फ्रान्सला परतल्यावर शागाल हे काम मुर्लोकडे शिकला, शार्ल सोर्लिए या कारागिराच्या सोबतीने. पुढे सोर्लिएने शागालच्या चित्रांवरून स्वतःही लिथो उतरवले. १९६७ची, नीस या फ्रेंच शहराच्या चित्रांची मालिका तशीच. तिच्यावर शागालची सही आहे, पण काम सोर्लिएचं. 'व्हर्व'मध्ये सही नाही, पण चित्र शागालने लिथोसाठीच काढलेलं. मी 'व्हर्व'मधलंच घेईन, डोळे मिटून.

जुना रसिक: सही केली म्हणजे शागालने ते आपलं मानलं. सोर्लिएला कमी लेखू नका. रविवर्म्याच्या मळवलीच्या छापखान्यातले ओलिओग्राफ (तैलचित्रांसारखे दिसणारे रंगीत लिथो) हेही कारागिरांनीच दगडांवर उतरवले होते, तरी आपण ते रविवर्म्याचेच म्हणतो ना?

शिळाप्रेस: म्हणतो, पण त्याचं मूळ चित्र म्हणून विकत नाही. विक्रेत्याने 'शागालच्या चित्रावरून, सोर्लिए' असं स्पष्ट लिहावं, मग माझी हरकत नाही. बऱ्याच छाप्यांत खालच्या कडेला सोर्लिएचं नाव छापलेलं असतंच. फ्रेमच्या माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली) ते झाकलं जातं, म्हणून घेण्याआधी फ्रेम उघडायला लावा.

नवशिकी: आणि साधं पुस्तकातलं चित्र लिथो म्हणून गळ्यात मारलं तर?

कागदवेडा: दहापटीचं भिंग लावा. ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर ऑफसेट, म्हणजे पुस्तकांची साधी यांत्रिक छपाई. लिथोचा रंग खडूसारखा, अनियमित कणांचा दिसतो. आम्लविरहित माउंट घाला, ऊन लागू देऊ नका. आणि रसिकबुवांचा संताप रास्त आहे, अंक उसवू नये. मी आधीच सुटं झालेलं पानच घेतो.

जुना रसिक: तुमच्यासारखं गिऱ्हाईक मिळतं म्हणूनच पुढचा अंक उसवला जातो. घ्यायचंच तर दोन वर्षं थांबून अखंड अंक घ्या.