अमेरिकेतील कृषी विधेयक स्वपक्षीयांनीच का पाडले?

प्रश्न : शिरोळचा ऊसकरी
जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला मी बरीच वर्षे जात आहे, त्यामुळे शेतकऱ्यांच्या बाजूचे आंदोलन म्हणजे सरकारकडे काहीतरी जास्त मागणे, एवढेच मला ठाऊक होते. डॅलसला नोकरी करणाऱ्या पुतण्याने मात्र सांगितले की, १८ मे २०१८ रोजी तेथील प्रतिनिधिगृहात कृषी विधेयक १९८ विरुद्ध २१३ मतांनी पडले आणि ते पाडण्यात सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाचेच सुमारे तीस सदस्य होते. ज्या पक्षाची मते खेड्यापाड्यांत आहेत, त्याच पक्षाच्या कडव्या उजव्या गटाने शेतीचे विधेयक का पाडावे? आणि कर, स्थलांतर व शेती या तीन विषयांवर तेथील उजव्या संघटना एकाच वेळी दबाव कशा आणतात?

उत्तर : राजारामपुरीकर
२०१८ चा राग शेतीवर नव्हताच. ‘फ्रीडम कॉकस’ या रिपब्लिकन सदस्यांच्या कडव्या उजव्या गटाला स्थलांतरावरील कडक विधेयक आधी मतदानाला हवे होते, नेतृत्व ते पुढे ढकलत होते, म्हणून नेतृत्वाला निकडीचे असलेले कृषी विधेयक त्यांनी अडवून धरले. ऊसतोड बंद पाडल्याशिवाय कारखानदार चर्चेला बसत नाहीत, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २१ जून रोजी दोन्ही विधेयके मतदानाला आली. कृषी विधेयक २१३ विरुद्ध २११ असे काठावर तरले आणि ज्याच्यासाठी एवढा अट्टहास केला, ते स्थलांतराचे विधेयक १९३ विरुद्ध २३१ मतांनी कोसळले.

कृषी विधेयक २०१३ मध्येही एकदा पडले होते, पण ते प्रकरण वेगळे होते, कारण तेव्हा विरोध खर्चालाच होता. अमेरिकेच्या कृषी विधेयकातील बहुतांश पैसा शेतकऱ्याकडे जात नाही, तो गरिबांच्या अन्नसाहाय्याकडे जातो. १९७३ पासून या दोन गोष्टी एकाच कायद्यात बांधलेल्या आहेत, म्हणजे शहरी सदस्य शेतीच्या अनुदानाला आणि ग्रामीण सदस्य अन्नसाहाय्याला मत देतात. ही गाठ सोडवावी, असा ‘हेरिटेज ॲक्शन’ आणि ‘क्लब फॉर ग्रोथ’ या सरकारी खर्च कमी करा म्हणणाऱ्या उजव्या संघटनांचा आग्रह होता. जूनमध्ये विधेयक १९५ विरुद्ध २३४ असे पडले, जुलैमध्ये केवळ शेतीचा भाग २१६ विरुद्ध २०८ मतांनी मंजूर झाला. पण २०१४ च्या अंतिम कायद्यात दोन्ही भाग पुन्हा एकत्र आले.

उत्तर : कसबा बावड्याचा वकील
वरील माहिती बरोबर आहे, पण हे तेथे शक्य का होते, याचे मूळ कायद्यात आहे. आपल्याकडे १९८५ पासून राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षादेश मोडला की खासदारकी जाऊ शकते, त्यामुळे मतदारांनी खासदाराला शंभर फोन केले तरी त्याचे मत पक्ष सांगेल तिकडेच पडते. अमेरिकेत पक्षाविरुद्ध मत दिल्याने जागा जात नाही. उमेदवारीसुद्धा पक्षश्रेष्ठी देत नाहीत, ती प्राथमिक निवडणुकीत मतदार ठरवतात, आणि त्या निवडणुकीला येणारे लोक थोडे व कट्टर असतात. सभागृहातील रिपब्लिकन पक्षाचे नेते एरिक कँटर १० जून २०१४ रोजी अशाच निवडणुकीत जवळपास अनोळखी प्राध्यापकाकडून हरले आणि स्थलांतराबाबतचा मवाळपणा हा त्यांच्याविरुद्धच्या प्रचाराचा मोठा मुद्दा होता.

म्हणून संघटना सदस्यागणिक गुणपत्रिका काढतात आणि अमुक मतदान आम्ही मोजणार, असे आधीच जाहीर करतात. करांच्या बाबतीत ग्रोव्हर नॉरक्विस्ट यांच्या संघटनेने १९८६ पासून ‘करवाढ करणार नाही’ अशी लेखी प्रतिज्ञाच उमेदवारांकडून घेतली आहे. स्थलांतराच्या बाबतीत जून २००७ मध्ये रेडिओवरील वक्त्यांनी श्रोत्यांना एवढे पेटवले की सिनेटची दूरध्वनी यंत्रणा कोलमडली, आणि बेकायदा स्थलांतरितांना कायदेशीर दर्जा देऊ पाहणाऱ्या विधेयकावरील चर्चा संपवून ते पुढे न्यायला ६० मते लागत असताना ४६ च मिळाली.

उत्तर : शेती विभाग, साखर कारखाना (निवृत्त)
या संघटनांना फार बलाढ्य समजू नका. १७ मे २०१८ रोजी, म्हणजे ऊसकरी म्हणतात त्याच्या आदल्याच दिवशी, अमेरिकेचे साखर संरक्षण कमी करणारी दुरुस्ती मतदानाला आली होती आणि मुक्त बाजारवाल्यांनी तिच्यासाठी जोर लावला होता. ती १३७ विरुद्ध २७८ अशी आपटली, कारण फ्लोरिडा व लुईझियानाचा ऊस आणि मिनेसोटा व नॉर्थ डकोटाचे बीट यांच्यापुढे तत्त्वज्ञान चालत नाही. उलट २०२५ च्या ट्रम्प यांच्या मोठ्या कर-खर्च कायद्याने कच्च्या साखरेचा कर्जदर (साखर तारण घेऊन सरकार ज्या भावाने कर्ज देते, तो) पौंडाला १९.७५ सेंटवरून २४ सेंट, म्हणजे किलोला सुमारे ५३ सेंट केला. आपली साखरेची किमान विक्री किंमत २०१९ मध्ये ३१ रुपये झाली आणि मग किती हंगाम तिथेच रुतून बसली, हे या मंडळींना मी सांगायला नको.

तीन विषय एकत्र कसे, याचे उत्तरही त्याच कायद्यात आहे. करकपात, स्थलांतर रोखण्याचा निधी आणि शेतीचे दर हे सगळे एकाच अर्थसंकल्पीय विधेयकात घातले, कारण त्या मार्गाने सिनेटमध्ये ६० मतांची अट लागत नाही. तेथे ते ५१ विरुद्ध ५० आणि प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१४ असे मंजूर झाले. खर्च आणि कर्ज वाढते, अशी तक्रार करणाऱ्या बहुतेक उजव्या सदस्यांनी शेवटी त्यालाच मत दिले. प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन सदस्य थॉमस मॅसी यांच्यासारखा एखादाच अडून राहिला.

शिरोळचा ऊसकरी
सर्वांचा आभारी आहे. पुतण्या म्हणतो की याच कायद्याने परदेशी पाठवायच्या पैशावरही कर बसला आहे. घराच्या हप्त्यासाठी तो दरमहा रक्कम पाठवतो, त्यातून काही कापले जाईल का?

कसबा बावड्याचा वकील
आधी ५ टक्के सुचवले होते, प्रतिनिधिगृहाने ३.५ केले, अखेर १ टक्का राहिला आणि तो १ जानेवारी २०२६ पासून लागू आहे. मात्र तो रोख, मनीऑर्डर किंवा तत्सम साधनांनी पाठवलेल्या रकमेवर आहे. तेथील बँक खात्यातून पाठवत असेल, तर कापले जाणार नाही.