घरातली प्रार्थना बंद करायची का? सोसायटीत विषय झालाय

नगरचा_पुण्यात:
सगळ्यांना सलाम. आम्ही मूळचे नगरचे, आजोबांच्याही आधीपासून ख्रिस्ती. दर गुरुवारी संध्याकाळी घरी प्रार्थना असते, आठ-दहा माणसं, दोन-तीन गाणी, वचन, चहा, संपलं. मागच्या महिन्यात सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की या फ्लॅटमध्ये धर्मांतर चालतं आणि त्याखाली धडाधड अंगठे आले, त्यात आमच्याकडून नेहमी विरजण नेणाऱ्या काकूंचा पण होता, तो जास्त लागला. आता बायको म्हणते प्रार्थना चर्चमध्येच घेऊ, आई म्हणते अजिबात नाही. एकजण सुचवतायत की निदान दार-खिडक्या लावून घ्या, गाणी म्हणू नका. मी ऐकलं तर प्रभूला नाकारल्यासारखं होईल का? पेत्राचं सारखं आठवतं, कोंबडा आरवायच्या आधी त्याने येशूला ओळखत नाही म्हटलं ते. झोप लागत नाहीये.

दौंडची_ताई:
दार लावून घ्या हे वाचलं आणि पंडिता रमाबाईच डोळ्यापुढे आल्या. १८८३ ला इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हाच इकडे गदारोळ झालेला (जोतीराव फुल्यांनी मात्र त्यांची बाजू घेऊन लिहिलं, हे पण लक्षात ठेवा). मग १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांसाठी, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. तिथे कुणावर धर्माची सक्ती नव्हती, ज्या मुलीला आपलं सोवळं पाळायचंय ती पाळू शकत होती. पण बाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं आणि कोणी मुलगी येऊन बसली तर तिला हाकलायच्या नाहीत. यावरून १८९३ ला वादळ उठलं, केसरीतून टीका, रानडे-भांडारकरांसारखी बाईंच्या बाजूची माणसं सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालक मुलींना काढून घेऊन गेले. त्या काळच्या पुण्यात केसरी विरोधात जाणं म्हणजे काय, विचार करा! बाईंनी सदनही बंद केलं नाही आणि दारही. तीन-चार वर्षांनी दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या त्या ह्याच बाई, केडगावचं मुक्ती मिशन तिथूनच उभं राहिलं.
दादा, दार लावू नका. लपवण्यासारखं काही नाहीये ना तिथे?

पाळकांचा_मुलगा:
ताईंचं पटतं पण एक सांगतो, रमाबाई आपल्या ख्रिस्ती लोकांपुढेही तितक्याच ठाम होत्या. इंग्लंडमधल्या सिस्टरांशी त्यांचा क्रूसावरून वाद झाला होता, त्यावरची अक्षरं लॅटिनमध्ये नकोत, संस्कृतात हवीत म्हणून. शाकाहार पण सोडला नाही. म्हणजे श्रद्धा धरली म्हणून आपली माणसं सोडली असं केलं नाही त्यांनी. तेव्हा ग्रुपवर उत्तर देत बसू नका, वचनं तर मुळीच टाकू नका, तिथे फक्त चिडाचीड होते. काकूंकडे जा, एकटेच जा. पेत्राचं आठवताय ना, मग बायबलमधलं त्याचं पहिलं पत्र पण काढा, ३:१५, कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा पण सौम्यपणे, हे त्याच नाकारणाऱ्या माणसाच्या नावाचं पत्र आहे. आणि आवाजाचा किंवा पार्किंगचा खरंच त्रास होत असेल तर तो लगेच मिटवा, त्याला छळ म्हणू नका.

राहुरीकर:
वहिनींना भित्र्या समजू नका प्लीज. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं, त्या माहेरच्या माणसांत वेगळ्या राहिल्या, लोकांची बोलणी तर त्यांनाच जास्त खावी लागली. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये, आमच्या राहुरीला, मधे पाच वर्षं गेली. टिळकांची पदं आपण दर रविवारी गातो पण ती पाच वर्षं त्या बाईने कशी काढली असतील याचा कोणी विचार करत नाही. घरात ओढाताण करून गुरुवार चालवू नका, आधी वहिनींना नेमकी कशाची भीती वाटते ते विचारा.

नगरचा_पुण्यात:
सगळ्यांचे आभार, मनापासून. बायकोला विचारलं, तिला पोरीची काळजी आहे, शाळेच्या बसमध्ये कोणीतरी काहीतरी बोललं होतं आणि पोरीने ते मला सांगितलंच नव्हतं. काल काकूंकडे विरजण घेऊन गेलो, त्या ग्रुपबद्दल काही बोलल्या नाहीत, पण वाटी घेतली आणि पोरगी कशी आहे विचारलं. गुरुवार ठेवतोय, दार उघडं, ढोलकी नाही, साडेआठला बंद. सेक्रेटरींना पण येऊन बसा म्हटलंय. अजून काही कळवलं नाही त्यांनी.