उलटा दुवाही दिसायला हवा

एकमेकांना जोडलेल्या माहितीचं अख्खं जाळं एकाच पडद्यावर मांडलं की वापरणारा आपली वाट आपण शोधतो, असं या चर्चेत वर कुणी म्हटलंय. ते मला पटलं नाही. आम्ही सांगलीत हौसेखातर कृष्णाकाठच्या नद्या, गावं, घाट, देवळं यांची एकमेकांना जोडलेली माहिती भरली होती. सगळं एकदम दाखवलं तर मोडलेल्या द्राक्षबागेतल्या तारांचा गुंता! एका वेळी एक नोंद आणि तिचे थेट शेजारी, एवढंच ठेवल्यावर लोक वापरू लागले.

पण खरा घोळ दुव्याच्या (लिंकच्या) दिशेचा होता, आणि त्यावर इथे कुणी बोललेलं नाही. आम्ही भरलं होतं 'वारणा मिळते कृष्णेला'. वारणेच्या पानावरून कृष्णेवर जाता यायचं, हरिपूरचा संगमही दिसायचा. कृष्णेच्या पानावर मात्र वारणेचा पत्ताच नाही. माहुलीची वेण्णा, कराडची कोयना, सगळ्यांची तीच गत. दुवा उलट्या बाजूनं वाचताना त्याला वेगळं नाव लागतं. तिकडून 'मिळते', तर इकडून 'उपनदी'. हे नाव यंत्राला सुचत नाही, बसून ठरवावं लागतं (आमच्यात त्यावरून दोन संध्याकाळी भांडण झालं).

अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात इंटरमीडिया नावाची, मजकूर एकमेकांना दुव्यांनी जोडणारी संगणक प्रणाली होती. तिच्यात १९८० च्या दशकातच दुवे मजकुराबाहेर वेगळे साठवलेले असत, म्हणून दोन्ही टोकांना दिसत. वेबनं दुवे असे वेगळे सांभाळण्याचं ओझं घेतलं नाही. त्यामुळे ती झपाट्यानं पसरली खरी, पण तुटके दुवेही त्यातूनच आले. मराठी विकिपीडियावरचं 'येथे काय जोडले आहे' (एखाद्या पानाकडे कुठल्या पानांवरून दुवे येतात त्याची यादी) एकदा उघडून पाहा. उलटा दुवा आहे, पण बिननावाचा.