गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या वडिलांना घेऊन पुण्याहून एका दिवसात कुठे जावं? (गाडीत बसवून ठेवायचं नाहीये)

खिडकीतली_चिमणी | १४ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली.

आम्ही धायरीला राहतो. मी, नवरा, ९ वर्षांची मनू आणि माझे वडील, अण्णा. अण्णांना ७८ पूर्ण झाली. डावा गुडघा २ वर्षांपूर्वी बदलला, तो छान आहे. उजवा कुरकुरतो, पण "एक केला तेवढा पुरे" म्हणून दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. सपाटीवर काठी घेऊन अर्धा तास आरामात चालतात. पायऱ्या दिसल्या की चेहरा बदलतो.

अण्णा पोस्टमन होते. १९७० साली लागले आणि पहिली ११ वर्षं भोर तालुक्यात काढली. सायकल जाईल तिथपर्यंत सायकल, पुढे पायी. हे सांगते कारण चालणं म्हणजे काय ते या माणसाला शिकवायला जाऊ नये, एवढं तुम्हाला कळावं.

तर मागच्या महिन्यात आम्ही सिंहगडावर गेलो. गाडी वरपर्यंत जाते, म्हणून अण्णांनाही घेतलं. गाडी लावली, पायऱ्या बघितल्या आणि अण्णा म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी बसतो इथं." आणि आम्ही गेलो. देवटाकं पाहिलं, कल्याण दरवाजा पाहिला, कांदाभजी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, सगळं साग्रसंगीत. पावणेदोन तासांनी परत आलो तर अण्णा गाडीतच. काचा खाली, टोपी मांडीवर. तक्रार काही नाही. म्हणाले, "११२ गाड्या वर आल्या, ७४ खाली गेल्या. ३८ अजून वर आहेत. आपली धरलेली नाही."

मनू हसली. मला मात्र घरी येईपर्यंत घास घशात अडकल्यासारखं होत होतं.

तेव्हापासून कुठेही जायचं म्हटलं की "तुम्ही जाऊन या" हेच पालुपद. तर विचारायचं असं की पुण्याहून सकाळी निघून रात्री घरी येता येईल आणि अण्णांना *स्वतः* थोडं चालता येईल, अशी जागा कुठली? देऊळ असलं तर चालेल, नसलं तरी चालेल. मॉल नको. गाडीतून "ते बघा, ते बघा" करत फिरवणंही नको.

---

सोमवारचा_रविवार | १४ डिसेंबर, रात्री १०:०५

डिसेंबर आहे, हुरड्याचे दिवस सुरू होतायत. एखादं शेत गाठा. बाजेवर मस्त बसता येतं, गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ. आजोबा खूश, नात खूश. फक्त स्पीकर लावणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

---

खिडकीतली_चिमणी | १४ डिसेंबर, रात्री १०:२०

हुरडा आवडतो त्यांना, नक्की जाऊ. पण बाजेवर बसवलं काय आणि गाडीत बसवलं काय, आम्ही उसात पळणार आणि ते चपला सांभाळणार!

---

कृष्णाकाठची | १५ डिसेंबर, सकाळी ७:१५

वाईला जा. माहेर आहे म्हणून सांगत नाही. (म्हणजे, तेही आहेच.)

माझ्या सासूबाईंना घेऊन मी दोनदा गेलेय, त्यांचं वजन आणि गुडघे दोन्ही भारी. पुण्याहून साडेसहाला निघायचं. खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला वळलं की वाईकडे जाताना जुने वड लागतात, तिथे काच खाली करायची. ढोल्या गणपतीपाशी अगदी जवळ उतरता येतं. दर्शन झालं की घाटावरच रेंगाळायचं. पुढे काय आहे, किती राहिलं, असं कोणी विचारत नाही. दहा पावलं चाललात तरी नदी आहे, शंभर चाललात तरी तीच नदी. सासूबाई पहिल्यांदा चाळीस पावलांवर टेकल्या, दुसऱ्यांदा पार पलीकडे गेल्या.

मग मेणवली, तिथून ३ किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागे कृष्णेवरचा घाट. घाटावर वसईहून आलेली मोठी घंटा आहे, १७३९ च्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी वसई घेतली त्यानंतरची. मनूला घंटेवरची मदर मेरी शोधायला सांगा, सासूबाईंना ती माझ्याआधी दिसली. पण एक इशारा: घाटाच्या पायऱ्या उंच आहेत आणि धरायला काही नाही. अण्णांनी वरूनच बघावं. वरूनही छान दिसतो. खोटं बोलत नाही, उलट वरूनच जास्त छान दिसतो.

वेळ उरला तर धोम. तिथल्या देवळात कासवाच्या पाठीवर नंदी बसवलाय आणि भोवती कमळाच्या आकाराचं कुंड आहे. जेवण घरून न्या. आम्ही दशम्या, तिळाची चटणी आणि दहीभात नेतो. बाहेरचं तेलकट खाल्लं की परतीच्या वाटेवर म्हातारी माणसं बोलत नाहीत, नुसती सहन करतात.

---

लोकलची_खिडकी | १५ डिसेंबर, सकाळी ८:५०

गाडी कशाला हवी? पुणे–सातारा रेल्वेने जा. सासवड रोड, फुरसुंगी करत गाडी शिंदवण्याचा घाट चढते, मग आंबळे, राजेवाडी, जेजुरी. आत्ता ज्वारी उभी असेल. वडिलांना खिडकी द्या. जेजुरीला उतरून चहा प्या आणि परतीच्या गाडीने या. वेळापत्रक मात्र आदल्या दिवशी बघा.

---

स्टीलचा_गुडघा | १५ डिसेंबर, सकाळी ११:३०

लोकलवाले, तुमचं वय काय? लहान स्टेशनांवर फलाट किती खाली असतो ते बघितलंय का कधी? डब्याच्या पायरीवरून उतरताना मी एकदा लोंबकळलोय. खालून दोन कॉलेजची पोरं "सोडा काका, सोडा" म्हणत होती. काय सोडा!

ताई, माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, वय ७१. म्हणून अधिकाराने सांगतो.

अण्णांना चढापेक्षा उताराची भीती असणार. चढ नुसता दमवतो, उतार पाडतो. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी मला घोकून घेतलेलं सांगतो: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात. म्हणजे अण्णांचा उजवा दुखतो तर काठी डाव्या हातात. निम्मे लोक उलटी धरतात, सिनेमातले म्हातारे तर सगळेच. आणि हात धरायचा असेल तर त्यांना तुमचा धरू द्या. तुम्ही त्यांचा दंड धरून उचलायला जाऊ नका. त्याने तोल जातो आणि रागही येतो.

गाडीत तासातासाने उतरवा. बसल्या बसल्या पावलं वर-खाली करायला सांगा. घडीचं स्टूल न्या, पण हातात मिरवू नका, नातीच्या सॅकमध्ये ठेवा.

आता मुद्द्याचं, जे कुणी लिहिणार नाही. आम्ही "तुम्ही जाऊन या" म्हणतो तेव्हा अर्ध्या वेळा कारण संडास असतं. खाली बसता येत नाही. वाटेत कमोड कुठे आहे ते माहीत नसतं आणि लेकी-सुनांना विचारायची लाज वाटते. मग माणूस सकाळपासून चहा घेत नाही, पाणी पीत नाही आणि गाडीत बसून गाड्या मोजतो. आधी फोन करून, नकाशा बघून जागा नक्की करा आणि निघताना सहज, दुसऱ्याच कुणाला तरी सांगितल्यासारखं बोला, "अमुक ठिकाणी थांबायचंय, तिथे कमोड आहे." बघा काय फरक पडतो.

---

बिनसाखरेचा | १५ डिसेंबर, दुपारी ४:१०

अण्णांना विचारलंत का, कुठे जायचंय ते?

---

खिडकीतली_चिमणी | १५ डिसेंबर, रात्री ११:०२

स्टीलचा_गुडघा काका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. सिंहगडाच्या दिवशी अण्णांनी सकाळचा चहा खरंच घेतला नव्हता. "आज नको वाटतोय," म्हणाले होते. आणि काठी उजव्या हातात धरतात. आज विचारलं तर म्हणाले, "पिशवी कायम डाव्या खांद्याला असायची, काठी मग उजव्याच हातात येणार ना."

बिनसाखरेचा, नाही विचारलं. लिहितानाही लाज वाटतेय. विचारते.

---

खिडकीतली_चिमणी | २२ डिसेंबर, रात्री ८:३०

जाऊन आलो. लांबड लावणार आहे, माफ करा.

विचारलं तेव्हा अण्णा आधी "कुठेही" म्हणाले. मी गप्प बसले. (मला फार जमत नाही हे.) थोड्या वेळाने पेपरमागून आवाज आला, "आंबवड्याचा पूल आहे का गं अजून?"

कुणाला माहीत नसेल तर, भोरच्या पुढे रायरेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंबवडे गाव आहे. तिथे नागेश्वराचं जुनं देऊळ आणि संस्थानच्या काळातला झुलता पूल. भोर म्हणजे पंतसचिवांचं संस्थान. मी पुण्यात वाढले, तिथून दोन तासांच्या आतल्या या पुलाचं नावही ऐकलं नव्हतं. माझा बाप ११ वर्षं त्या भागात टपाल वाटत होता आणि मी एकदाही विचारलं नव्हतं की कुठल्या गावांत.

काल सातला निघालो. काकांच्या सूचनेप्रमाणे मी मनूला मोठ्याने सांगितलं, "नसरापूरच्या अलीकडे नाश्त्याला थांबू, तिथे कमोड आहे." मनू म्हणाली, "मला काय करायचंय?" अण्णांनी दोन कप चहा प्यायला.

बनेश्वरला तासभर थांबलो. झाडी, ओढा आणि पेशव्यांच्या काळातलं देऊळ. तिथेही वसईची घंटा आहे, कृष्णाकाठची! मनूने मेरी शोधली, मिळाली नाही, ती रुसली.

कापूरहोळला वळलो आणि अण्णांचा आवाज बदलला. नवऱ्याला म्हणाले, "नकाशा बंद करा, मी सांगतो." भाटघरचं पाणी दिसलं तेव्हा धरणाला इंग्रजांनी लॉइड नाव दिलं होतं ते सांगितलं. भोर आलं तेव्हा मनूला विचारलं, "भोरचा पिन काय?" तिला काय माहीत! "४१२२०६. आणि वाईचा ४१२८०३. आता बघ, वाई सातारा जिल्ह्यात, पण पिन सुरू होतो ४१२ ने, आपल्या पुण्याच्या गावांसारखा. कागदावर जिल्हा एक आणि टपालाला दुसरा." १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला तेव्हा यांच्या नोकरीला दोनच वर्षं झाली होती. ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, मराठी, आणि संस्कृतात कविता करणारे. हे अण्णांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की जणू दोघं एका टेबलावर बसायचे. पहिली काही वर्षं लोक पिन घालायचेच नाहीत, मग हे पेन्सिलीने घालायचे.

पूल आहे. उभा आहे. अण्णा टोकाशी थांबले, काठी डाव्या हातात घेतली (!) आणि मनूला म्हणाले, "माझ्या पावलात पाऊल टाकू नको. दोघांनी एकदम टाकलं की पूल हलतो." मग ते पुढे आणि ती मागे. आम्ही दोघं अलीकडेच राहिलो, कुणी तसं ठरवलं नव्हतं. मधोमध थांबून ते खाली ओढ्याकडे काठीने काहीतरी दाखवत होते. काय ते मला ऐकू आलं नाही, मनू आता सांगत नाही. "आमचं आहे," म्हणते.

पलीकडे गेले, परत आले, पुन्हा अर्ध्यापर्यंत गेले. नागेश्वराकडे उतरायच्या पायऱ्यांशी मात्र "तुम्ही जाऊन या" आलंच. मीच थांबले त्यांच्याबरोबर. स्टुलावर बसले, मी कठड्यावर. तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. पावसाळ्यात इरलं घेऊन जायचे, पत्रं मेणकापडात. एका म्हातारीला मुंबईच्या मुलाची मनीऑर्डर यायची, २० रुपये. एकदा महिनाभर आली नाही तर ही म्हातारी यांच्यावरच रागावली, "तूच वाटेत खाल्लेस." पुढच्या महिन्यात ४० आले तेव्हा तिने घरात बोलावून ताक दिलं, माफी मात्र मागितली नाही. ही गोष्ट मी ४४ वर्षांत पहिल्यांदा ऐकली.

रात्री उजवा गुडघा सुजला. बर्फ लावला. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले दोन दिवस आराम. अण्णांनी आरामातच जानेवारीची आखणी केली आहे. आता हिरडोशीला जायचंय, वरंध घाटाच्या वाटेवर. त्यांच्या बीटातल्या काही वाड्या नंतर नीरा-देवघर धरणात गेल्या, त्या पाण्याच्या कडेने कुठून कशी वाट होती ते त्यांना बघायचंय. निघायची वेळ साडेपाच सांगितली आहे, पहाटेची. विरोध चालणार नाही.

वाई फेब्रुवारीत नक्की, कृष्णाकाठची.

तोवर एकच प्रश्न, आणि तो नवऱ्याचा आहे: भोर ते हिरडोशी या रस्त्यावर कमोड कुठे आहे, हे कुणाला माहीत आहे का?

---

स्टीलचा_गुडघा | २२ डिसेंबर, रात्री ९:१२

भोरमध्येच उरकून घ्या. पुढे फक्त निसर्ग आहे.